सही नसलेला दगड

सव्वीस वर्षं मी दिव्याहून व्हीटीला गेलो आणि परत आलो. पाटीवर आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आहे, पण आमच्या डब्यातल्या जुन्या मंडळींच्या तोंडून अजूनही 'व्हीटी'च निघतं. दिव्याला गाडीत शिरणं हे काय प्रकरण आहे, ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको आणि न राहणाऱ्याला सांगून कळायचं नाही. एकदा आत शिरलं की हात हलवायला जागा नसते. मान तेवढी हलवता येते. बहुधा त्याच सवयीनं व्हीटीला उतरल्यावर लोंढा मागून ढकलत असतानाही मी मान वर करून चालायला लागलो. खांबांच्या डोक्यावर दगडाची पानं आहेत. त्या पानांत मोर आहेत, माकडं आहेत, मुंगूस आहे, घुबड आहे. रोज एक नवं सापडायचं. मग खिशात छोटी वही आली, वहीत पेन्सिल आली आणि मस्टरवर उशिराच्या सह्या वाढल्या.

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. एका वर्षी आठवीची मुलं घेऊन व्हीटीसमोर स्केचिंगला बसलो होतो. एका मुलीनं खांबाच्या डोक्यावरचं माकड छान उतरवलं आणि विचारलं, "सर, हे कुणी केलंय?" मी शिक्षकी थाटात उत्तर दिलं, "फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. १८७८ साली काम सुरू झालं, १८८८ ला संपलं." ती म्हणाली, "तो तर आर्किटेक्ट. हे माकड त्यानं स्वतः कोरलं?"

नाही कोरलं. मग कुणी कोरलं, ते मला सांगता आलं नाही. मुलीनं चित्राच्या कोपऱ्यात आपली सही केली, तारीख घातली आणि पुढच्या खांबाकडे वळली. हे पुस्तक त्या प्रश्नातून निघालं आहे. प्रस्तावनेत मला एवढंच सांगायचं आहे की आठशे-नऊशे वर्षांपूर्वी फ्रान्सात उभी राहिलेली एक कला आमच्या मुलखातल्या आधुनिक चित्रकारांपर्यंत कोणकोणत्या वाटांनी आली, आणि त्या वाटेवर सही नावाची गोष्ट कुठे हरवली आणि कुठे सापडली.

'गोथिक' हा शब्द मुळात शिवी आहे. सोळाव्या शतकात इटलीतल्या जॉर्जो व्हासारीनं कलावंतांची चरित्रं लिहिली, तेव्हा जुन्या रोमन शिस्तीत न बसणाऱ्या या बांधकामाचं खापर त्यानं रोम लुटणाऱ्या गोथ टोळ्यांवर फोडलं. प्रत्यक्षात गोथांचा या कलेशी काही संबंध नाही. तिची सुरुवात पॅरिसजवळच्या सँ-दनी इथल्या मठात झाली. मठाधिपती सुजे यानं ११४० ते ११४४ या काळात चर्चचा मागचा भाग नव्यानं बांधून घेतला. त्याला गाभाऱ्यात उजेड हवा होता. अर्धगोल कमानीचं वजन बाजूंना रेटा देतं, म्हणून भिंती जाड ठेवाव्या लागतात आणि जाड भिंतीला मोठी खिडकी पाडता येत नाही. कमान टोकदार केली की भार अधिक सरळ खाली उतरतो. छताला दगडी बरगड्या दिल्या की वजन ठरावीक खांबांवर येतं. बाहेरून तिरके आधार दिले की उरलासुरला रेटा ते झेलतात. भिंत अशी ओझ्यातून मोकळी झाली आणि तिच्या जागी रंगीत काच आली.

मुलांना हे फळ्यावर समजावताना मी त्यांना नमस्कार करायला सांगत असे. दोन तळवे बोटांशी टेकतात आणि मनगटांशी दूर होतात, ती गोथिक कमान. ही क्लृप्ती माझी, असा माझा बरीच वर्षं समज होता. पुढे ओग्यूस्त रोदँचं १९०८ चं एक शिल्प छापलेलं पाहिलं. दोन हात एकमेकांकडे वळलेले, बोटांची टोकं जेमतेम भिडलेली, मध्ये पोकळी. नाव 'कॅथेड्रल'. नीट पाहिलं तर दोन्ही हात उजवे आहेत, म्हणजे दोन वेगळ्या माणसांचे. रोदँ आयुष्यभर फ्रान्सातली जुनी चर्चं पायी हिंडून पाहत होता आणि १९१४ साली त्यानं त्यांच्यावर पुस्तकही काढलं. आधुनिक शिल्पकलेचा हा आद्य पुरुष मध्ययुगीन गवंड्यांना गुरुस्थानी मानत होता. त्याच्या आधी १८९२ पासून क्लोद मोनेनं रुआँच्या कॅथेड्रलची एकच दर्शनी बाजू तीसहून अधिक वेळा रंगवली. सकाळ, दुपार, धुकं, ऊन असं प्रत्येक वेळी वेगळं. दगड तोच, उजेड मात्र दरवेळी नवा. सुजेचा मुद्दा त्याला बरोबर कळला होता.

या चर्चांवर राबणाऱ्या कारागिरांची नावं फारशी उरलेली नाहीत. दगडांवर बाण, त्रिकोण, फुली अशा खुणा मात्र आढळतात. किती दगड घडवले ते मोजून मजुरी मिळावी, एवढाच अनेक खुणांचा हेतू असे. म्हणजे ती सही नव्हती, हजेरी होती.

आता मला वाचकाला उलट दिशेच्या गाडीत बसवायचं आहे. दिव्याहून डोंबिवली, कल्याण आणि पुढे अंबरनाथ. वालधुनीच्या काठावरचं शिवमंदिर शिलाहारांच्या काळातलं. त्यातल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. सँ-दनीच्या ऐंशी वर्षं आधी आमच्या तालुक्याच्या अंगणात काळ्या बेसॉल्टवर हे काम झालं होतं. बेसॉल्ट हा चिवट दगड आहे. टाकी चुकली तर ढलपी निघते आणि पुन्हा चिकटवता येत नाही. तरीही बाहेरच्या भिंतीचा हातभर तुकडा सपाट ठेवलेला नाही. थर निघतात, कोन फुटतात, कोनाकोनांत मूर्ती येतात आणि उन्हं कलली की सगळी भिंत सावल्यांनी जागी होते. गोथिक चर्चात पन्हाळीचं पाणी दगडी राक्षसाच्या तोंडातून भिंतीपासून लांब पडतं. आपल्याकडे अभिषेकाचं पाणी मकरमुखातून किंवा गोमुखातून बाहेर येतं. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नाही. पाण्याला वाट द्यायची आणि ती देताना एक जीव घडवायचा, हे दोन्हीकडच्या पाथरवटांना आपापलं सुचलं.

अंबरनाथचा विषय मी प्रस्तावनेत ओढूनताणून आणलेला नाही. १८६८ साली सरकारी हुकुमानं या देवळाची पाहणी झाली. रेखाटनं काढायला आणि मूर्तींचे साचे घ्यायला मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेची माणसं आली होती. आपण तिला जे. जे. म्हणतो. १८५७ साली सुरू झालेली ही शाळा तेव्हा जेमतेम अकरा वर्षांची होती. त्याच वर्षांत जे. जे.च्या कार्यशाळेत मुंबईच्या नव्या इमारतींसाठी गोथिक पद्धतीची पानं-फुलं कोरायचं शिक्षण चाललं होतं. अकराव्या शतकातला कोकणी दगड आणि फ्रान्सातून इंग्लंडमार्गे आलेली बाराव्या शतकातली तऱ्हा एकाच शाळेच्या टेबलावर आली, ती इथे. एका आठवड्यात अंबरनाथच्या मूर्तीचा प्लास्टरचा साचा आणि दुसऱ्या आठवड्यात इंग्रजी नमुन्याच्या खांबाचं डोकं, असं काम एखाद्या मुलाच्या वाट्याला आलं असेल का? आलं असावं असं मला वाटतं. पुरावा माझ्याकडे नाही. पण व्हीटीच्या खांबावरची माकडं बघताना ती इंग्लंडच्या रानातली वाटत नाहीत, एवढं मी चाळीस वर्षं पेन्सिल धरलेल्या हाताच्या भरवशावर म्हणू शकतो.

मुंबईत गोथिक आलं कसं, ते थोडक्यात सांगतो. जॉन रस्किन या इंग्रज लेखकानं १८५३ साली गोथिकच्या स्वभावावर एक लांबलचक प्रकरण लिहिलं. त्याचं म्हणणं असं की कारखान्यानं माणसाचा हात यंत्राच्या दात्यासारखा केला आहे; मध्ययुगातला गवंडी अडाणी असेल, चुकत असेल, पण त्याच्या चुकीतसुद्धा तो स्वतः होता. योगायोग असा की त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली आणि पुढच्या वर्षी रूळ आमच्या दारावरून कल्याणपर्यंत गेले. रस्किनला आगगाडीचा मनस्वी तिटकारा. १८४९ च्या 'वास्तुकलेचे सात दिवे' या अर्थाच्या नावाच्या पुस्तकात त्यानं बजावून ठेवलं होतं की रेल्वे स्टेशनावर नक्षीकाम करणं हा निव्वळ वेडेपणा आहे, कारण गाडी पकडायला धावणारा माणूस नक्षी बघत नाही. सात दिव्यांच्या या लेखकाला आठव्या दिव्याहून एवढंच कळवतो की बघतो.

रस्किनच्या शिष्यांनी मात्र त्याचं हे वाक्य कानाआड केलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरात पैसा वाहू लागला. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी किल्ल्याचे तट पाडले. मोकळ्या झालेल्या जागेवर सचिवालय, विद्यापीठ, उच्च न्यायालय अशा इमारती समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या. १८६५ साली जॉन लॉकवूड किपलिंग जे. जे.त शिल्पकला शिकवायला आले. त्यांचा मुलगा रडयार्ड त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईत जन्मला. त्यांच्याबरोबर भित्तिचित्रांसाठी जॉन ग्रिफिथ्स आणि लोखंडकामासाठी हिगिन्स असे तीन कार्यशाळांचे तीन गुरू झाले. मध्ययुगीन कारखान्याची, म्हणजे उस्ताद आणि शागिर्दांची पद्धत त्यांना इथे रुजवायची होती. इथे ती रुजवायची गरज नव्हती. पाथरवटाच्या आळीत बाप पोराला याच पद्धतीनं शिकवत आला होता.

हे सगळं गोड करून सांगण्यात अर्थ नाही. गोथिक इथे आलं ते राज्यकर्त्यांना आपल्या गावाकडच्या चर्चांची सावली हवी होती म्हणून. राजाबाई टॉवरवर पश्चिम हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे चोवीस पुतळे आहेत. त्यात कलेइतकीच प्रजेची मोजदाद करणारी साहेबी नजरही आहे. पण तोच टॉवर आणखी एक गोष्ट सांगतो. आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते मुंबईला कधी आलेच नाहीत. पैसा प्रेमचंद रायचंद यांचा; त्यांनी आईचं नाव टॉवरला दिलं. आणि ते चोवीस पुतळे घडवण्याचं श्रेय ज्यांच्याकडे जातं, ते सहायक अभियंता रावबहादूर मुकुंद रामचंद्र. दोनशे ऐंशी फुटांच्या त्या मनोऱ्यावर एक तरी मराठी नाव कागदोपत्री टिकलं.

व्हीटीवर तेवढंही नाही. घुमटावरची 'प्रगती' आणि फाटकावरचे सिंह-वाघ लंडनच्या टॉमस अर्प यांचे. ते नाव मार्गदर्शक पुस्तकांत सापडतं. दर्शनी भिंतीवर कंपनीच्या संचालकांचे अर्धपुतळे आहेत. त्यांत मूळचे आमच्याच जिल्ह्यातल्या मुरबाडचे जगन्नाथ शंकरशेठ आहेत. म्हणजे ज्यांची मूर्ती केली त्यांचं नाव आहे. बाकीचं शेकडो हात नक्षीकाम, पोरबंदरी दगडातली पानं, जाळ्या, पक्षी, ते ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी केलं, असं एका वाक्यात उरकतं. त्यातला एखादा धडा घेताना कंटाळला असेल, एखाद्याचं बोट ठेचलं असेल. एकानं तरी मास्तरांची पाठ वळल्यावर पानाआड मुंगूस दडवलं असेल.

उच्च न्यायालयातली गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली असते. १८७८ साली पुऱ्या झालेल्या त्या इमारतीत एका खांबाच्या डोक्यावर माकड न्यायाधीश बसला आहे. हातात तराजू आणि डोळ्यावर पट्टी, पण ती एकाच डोळ्यावर. कोर्टात दावा हरलेल्या कंत्राटदारानं हा सूड उगवला, अशी दंतकथा आहे. खरंखोटं देव जाणे. मात्र ही थट्टा अस्सल गोथिक जातीची आहे. मध्ययुगीन चर्चांतही प्रवचन देणारा कोल्हा आणि ऐकणाऱ्या कोंबड्या कोरलेल्या सापडतात. कडेची जागा कारागिराची, तिथे तो धन्याला कोपरखळी मारून घेतो. पॅरिसच्या नोत्र-दामवरचे ते प्रसिद्ध विचारमग्न राक्षस मध्ययुगातले नाहीतच. १८४३ नंतर दुरुस्ती करताना व्हिओले-ल-द्यूक यांनी ते नव्यानं बसवले. पॅरिसचा राक्षस आणि मुंबईचं माकड यांच्या वयात एका पिढीचं अंतर आहे. एकाला जग 'मध्ययुगीन' म्हणतं आणि दुसऱ्याला 'नक्कल', हे मला कधीच पटलेलं नाही.

दगडाची वाट इथवर. दुसरी वाट काचेची.

रंगीत काचेची खिडकी जवळून कशी दिसते ते सांगतो, कारण लांबून ती फसवते. लांबून वाटतं की चित्र रंगवलं आहे. जवळ गेलं की दिसतं, प्रत्येक रंगाचा तुकडा वेगळा कापलेला आहे. निळा वेगळा, तांबडा वेगळा. हे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी धरलेले असतात. पट्टी इंग्रजी एच अक्षराच्या आकाराची. दोन्हीकडच्या खाचांत काच बसते आणि जोडावर डाग दिला जातो. चेहऱ्याच्या रेषा आणि वस्त्राच्या चुण्या गडद रंगानं काढून भट्टीत पक्क्या करतात. उजेड मागून आला की काच पेटते आणि शिसं काळं पडतं. म्हणजे चित्रात जी जाड काळी रेघ दिसते, ती चित्रकारानं ओढलेली नसते. तिच्यावाचून खिडकी उभी राहणार नाही, म्हणून ती असते. मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहात असं एक मोठं चक्र आहे आणि त्याच्या कडेच्या खणांत बारा राशी आहेत. फ्रेंच चर्चांच्या चक्रातही राशी असतात, त्यामुळे हे काही इथल्या पंचांगासाठी केलेलं लाडकौतुक नाही. पण आमच्याकडचा माणूस तिथे गेला की आधी आपली रास शोधतो. या आणि शेजारच्या ग्रंथालयातल्या काचा काळवंडल्या, शिसं वाकलं, तेव्हा त्यांच्या जतनाचं काम स्वाती चांदगडकर यांनी केलं. जुन्या हातांची नावं गेली. दुरुस्त करणाऱ्या हाताचं नाव तरी आपण लिहून ठेवू.

ही काळी रेघ आधुनिक चित्रकलेत शिरली ती जॉर्ज रुओमुळे. १८७१ साली पॅरिसात जन्मलेला हा मुलगा चौदाव्या वर्षी काचकाम करणाऱ्याकडे उमेदवारीला लागला आणि जुन्या खिडक्यांची डागडुजी त्याच्या हातून झाली. पुढे तो कॅनव्हासवर रंगवू लागला, तरी शिसं त्याच्या हातातून सुटलं नाही. त्याचे विदूषक, न्यायाधीश, ख्रिस्त, सगळे जाड काळ्या रेघांत धरलेले आहेत आणि रंग आतून धुमसतो आहे. पुढे आँरी मातीसनं व्हाँस इथल्या छोट्या प्रार्थनामंदिराच्या काचा केल्या. मार्क शागालनं रँसच्या गोथिक कॅथेड्रलमध्ये निळ्या खिडक्या बसवल्या. जर्मनीत १९१९ साली वाल्टर ग्रोपियसनं बाउहाउस काढलं, त्याच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या पानावर लायोनेल फायनिंगरनं लाकडी ठशात कॅथेड्रल छापलं. यंत्रयुगाची सगळ्यात आधुनिक कलाशाळा मुखपृष्ठावर बाराव्या शतकाचं चर्च घेऊन आली, कारण चित्रकार, शिल्पकार आणि गवंडी यांनी पुन्हा एका छपराखाली राबावं, ही तिची मागणी होती. किपलिंग जे. जे.त जे मागत होते, तेच.

आपल्याकडे ही काळी रेघ आली ती फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या हातून. सूझा १२ एप्रिल १९२४ ला गोव्यात साळगावला जन्मले. गोव्यातली बहुतेक चर्चं पोर्तुगीज बरोक थाटाची, पांढरी, भारदस्त. साळगावचं माय द देउस चर्च वेगळं आहे. १८७३ साली आशीर्वादित झालेलं हे चर्च गोथिक धाटणीचं, टोकदार कमानींचं, शिखरांचं. माडांच्या गर्दीत ते एखाद्या टोकेरी पेन्सिलीसारखं उभं आहे. वडील लहानपणीच गेले. देवीच्या आजारातून वाचला तर पोराला चर्चला वाहीन, असा आईनं नवस केला आणि तो वाचला म्हणून संताच्या नावावरून नावात फ्रान्सिस आलं. मुलगा पाद्री झाला नाही. पण धर्मोपदेशापेक्षा चर्चमधली शिल्पं, जरतारी झगे, घायाळ ख्रिस्ताचा तो प्रचंड क्रूस यांनी आपल्याला कसं झपाटलं, ते त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे.

१९४० साली ते जे. जे.त आले. जे. जे.ची ती इमारत १८७८ ची, जॉर्ज ट्विज मोलेसी यांनी बांधलेली, हीसुद्धा गोथिकच. समोरच्या रस्त्यापलीकडे व्हीटी. म्हणजे गोव्यातल्या गोथिक चर्चच्या सावलीतून निघालेला मुलगा मुंबईतल्या गोथिक वर्गात येऊन बसला. १९४५ साली राजकीय चळवळीपायी त्यांना काढून टाकण्यात आलं. १९४७ साली त्यांनी रझा, हुसेन, आरा, बाकरे आणि विदर्भातले हरी अंबादास गाडे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला आणि १९४९ साली लंडन गाठलं.

त्यांचं १९५९ चं 'क्रूसिफिक्शन' आज लंडनच्या टेटमध्ये आहे. छापील चित्रावरून मी ते किती वेळा उतरवलं असेल, याचा हिशेब नाही. ख्रिस्त काळा आहे आणि काटेरी आहे. त्यात गोड करुणा नाही. रेघ अंगावर ओरखडल्यासारखी येते आणि प्रत्येक रंगाला कोंडून ठेवते. समीक्षकांना इथे रुओ आठवतो आणि त्याचबरोबर सोळाव्या शतकाच्या आरंभीचा ग्र्यूनवाल्डचा जखमांनी भरलेला ख्रिस्तही आठवतो. मला आठवते ती शिशाची पट्टी. उतरवताना एक गोष्ट कळली. रेघ आधी आणि रंग नंतर, असं केलं तर चित्र मरतं. काचवाला करतो तसं रंगाचे तुकडे मनात आधी मांडावे लागतात आणि रेघ त्यांना धरायला शेवटी येते. निदान माझ्या हातानं तरी मला असं सांगितलं.

सगळ्याच गोष्टींना 'गोथिकचा प्रभाव' असं लेबल चिकटवण्याचा मोह मी टाळला आहे. सूझांच्या स्त्रियांत मथुरा आणि खजुराहोचा दगड आहे, चेहऱ्यांत पिकासो आहे, भाजणारा उपहास तर त्यांचा स्वतःचा. 'प्रभाव' हा शब्दच मला जरा पुरासारखा वाटतो, वरून आला आणि सगळं बुडवून गेला असा. इथे जे झालं ते पाझरण्यासारखं आहे. अंबरनाथच्या काळ्या कातळात जसं कुठल्या तरी फटीतून पाणी उतरतं आणि गाभाऱ्यात थेंब पडतो, तसं. तो थेंब मूळ कुठल्या ढगाचा, हे सांगता येत नाही. तो कुठल्या फटीतून आला, एवढं दाखवता येतं. या पुस्तकात मी फटी दाखवल्या आहेत.

सूझांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट डोळ्यात भरते, ती म्हणजे सही. चित्राच्या वरच्या कोपऱ्यात ठसठशीत 'सूझा', पुष्कळदा खाली सालही. लपवाछपवी नाही. साळगावचं चर्च बांधणारे गवंडी, व्हीटीचं मुंगूस कोरणारा विद्यार्थी, अंबरनाथचा पाथरवट यांच्यापैकी कुणालाही न मिळालेला हक्क या माणसानं चित्रभर मिरवला. आधुनिक कलावंतानं गोथिककडून रेघ घेतली, उजेड घेतला, ओबडधोबडपणाचं धाडस घेतलं. निनावीपण तेवढं नाकारलं. मला यात विसंगती दिसत नाही. रस्किन ज्याला कारागिराचं स्वातंत्र्य म्हणत होता, त्याची उधारी शंभर वर्षांनी कुणीतरी वसूल केली, एवढाच त्याचा अर्थ.

पुस्तकाच्या मांडणीविषयी दोन शब्द. पहिल्या भागात अंबरनाथ आहे, कारण आमच्या गाडीला ते जवळ आणि काळानंही ते आधीचं. दुसऱ्या भागात व्हीटी, उच्च न्यायालय आणि विद्यापीठ इथली दगडकामाची रेखाटनं आहेत. तिसऱ्या भागात काच. तिथे रंगीत पानं घालणं खर्चामुळे जमलं नाही, म्हणून मी फक्त शिशाच्या रेघा काढल्या आहेत. वाचकानं रंगपेटी घेऊन त्या भरायला हरकत नाही. चौथ्या भागात सूझांच्या चित्रांपुढे बसून केलेला अभ्यास आहे. काही ठिकाणी रेखाटन अर्धवट दिसेल. एका इमारतीच्या दारावर पहारेकऱ्यानं मला तीनदा उठवलं; त्याचा नियम होता आणि माझा हट्ट होता. ती पानं तशीच ठेवली आहेत. जिथे हात थांबला तिथे रेघ थांबली आहे.

मापं फुटपट्टीची नाहीत, नजरेची आहेत. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यानं त्यांवर विसंबून राहू नये. चित्रकलेच्या विद्यार्थ्यानं मात्र एक करावं. हे पुस्तक घरी वाचून झालं की एक दिवस ऑफिसला उशीर करावा. व्हीटीला उतरल्यावर लोंढ्याला पुढे जाऊ द्यावं, भिंतीला पाठ लावून उभं राहावं आणि एकच खांब निवडून त्याचं डोकं पाच मिनिटं बघावं. पहिल्या मिनिटाला पानं दिसतील. तिसऱ्याला पानांची पाती एकसारखी नाहीत, हे दिसेल. पाचव्याला कोणतं पान शिकाऊ हातानं केलंय आणि कोणतं सरावलेल्या, याचा अंदाज यायला लागेल.

पुस्तक छापायला गेलं तेव्हा मुद्रकानं चित्रांखालच्या ओळींसाठी एक तक्ता करून पाठवला. रेखाटन क्रमांक, स्थळ, दगड, मूळ कलाकार. शेवटच्या रकान्यात त्यानं वेळ वाचवायला सगळीकडे 'अज्ञात' असं भरून टाकलं होतं. मी ते बदलून मागितलं. अंबरनाथपुढे 'पाथरवट' लिहा म्हटलं, व्हीटीपुढे 'जे. जे.चे विद्यार्थी', काचेपुढे 'काचकाम करणारे', राजाबाईपुढे 'रावबहादूर मुकुंद रामचंद्र'. तो म्हणाला, अहो, पण ही नावं थोडीच आहेत, एक सोडलं तर? मी म्हटलं, नावं नाहीत हे खरं. पण 'अज्ञात' म्हटलं की वाटतं कुणी नव्हतंच, आणि 'पाथरवट' म्हटलं की निदान हातात टाकी येते. त्यानं कुरकुरत बदललं. दोन ठिकाणी 'अज्ञात' तसंच राहून गेलं आहे. ते शुद्धिपत्रात दुरुस्त करून वाचावं.

दिवा (पूर्व)